चारशे पाच की पाचशे वीस?

आमचं डोंबिवलीचं घर विकायचं हे शेवटी आईच्या गुडघ्यांनी ठरवलं. दादा आणि मी फक्त माना डोलावल्या. टिळकनगरच्या बाजूची तळ अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग, 1986 चा ताबा, लिफ्ट नाही आणि आम्ही अगदी वर. अण्णा गेल्यावर चार वर्षं आई तिथे एकटी राहिली. भाजीवाला आला की खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि मोबाइलवरून त्याच्याशी भांडायची. मग एकदा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जी बसली ती पाऊण तास तिथेच. शेजारच्या मुलाचा मला नाशिकला फोन आला आणि त्या रविवारी विषय निघाला.

घर विकायचं तर आधी किंमत कळायला हवी. किंमत सांगायला एजंट येतो, पैसे घेत नाही, हे मला माहीत होतं. तीन एजंट आले तर तीन वेगळ्या किमती सांगतील हेही अपेक्षित होतं. फरक चौदा लाखांचा असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पहिला एजंट शनिवारी सकाळी आला. त्याच्यासाठी आईने आदल्या दिवशी फरशी दोनदा पुसली होती. पोहेही केले होते. मी म्हटलं, अगं, तो मुलगी बघायला येतोय का? तर म्हणाली, "घर बघायला येतोय ना, मग सारखंच." आणखी एक उद्योग तिने केला होता, तो मला तेव्हा लक्षात आला नाही. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय तिने हॉलमध्ये आणून लावलं होतं, पश्चिमेच्या भिंतीवर, जरा विचित्रच उंचीवर.

या गृहस्थांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती, आणि तीन जिने चढूनही नाही, याचं मला कौतुक वाटलं. कानात इअरफोनचं ते पांढरं बोंडूक. हॉलच्या मधोमध उभं राहून त्याने एक गिरकी घेतली, बेडरूममध्ये डोकावला, संडास-बाथरूमचं दार उघडलंसुद्धा नाही. "लोकेशन प्राइम आहे मॅडम. स्टेशन फाइव्ह मिनिट्स."

"पाच?" आई म्हणाली. "आमचे हे रेल्वेत होते. गाडी चुकत असेल तेव्हा पळत आठ मिनिटांत जायचे."

तो हसला. ॲग्रीमेंटवर एरिया किती ते विचारलं. 520, बिल्टअप. फोनवर गुणाकार करून त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवली. फुटाला 9,200 प्रमाणे 47 लाख 84 हजार. "अठ्ठेचाळीस धरून चला." आईने माझ्याकडे पाहिलं. 1986 मध्ये अण्णांनी हे घर एक लाख बारा हजारांना घेतलं होतं, त्यातले वीस हजार तिच्या बांगड्यांचे. मग त्याने बॅगेतून एक छापील फॉर्म काढला. सहा महिने घर फक्त त्याच्यामार्फत विकायचं, मध्ये दुसऱ्या कुणी गिऱ्हाईक आणलं तरी दलाली त्याची, दोन टक्के. मी म्हटलं वाचून सांगते. पोहे त्याने खाल्ले नाहीत, डाएट होतं.

दुसरे एजंट अण्णांच्या ओळखीचे. साठीच्या पुढचे, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारे. त्यांनी पोहे खाल्ले, वर चहा घेतला, अण्णांच्या आठवणी काढल्या, आणि हे सगळं चालू असताना त्यांची नजर छतावरून फिरत होती. बीमच्या कोपऱ्यात प्लॅस्टरचा एक पोपडा सुटलाय, तिथे ती थांबली. "वहिनी, पायऱ्या मोजल्या मी. चोपन्न. आजकाल लग्न करणारं पोरगंसुद्धा लिफ्ट विचारतं." टेप नाही, कागद नाही, गुणाकार नाही. "चौतीस. पार्टी तयार आहे. आठवड्यात टोकन." आईचा चेहरा उतरला. आदल्या दिवशीचे अठ्ठेचाळीस तिने मनात कुठे कुठे वाटूनही टाकले होते, नातवाच्या शिक्षणाला इतके, माझ्या घराच्या हप्त्यांना इतके.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "पस्तीस करून देतो." पार्टीशी बोलतो वगैरे काही नाही, थेट करून देतो. लाखभर रुपये स्वतःच्याच तोंडाने वाढवणारा माणूस भेटला की पार्टी कोण आहे ते कळतं.

मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. एकाच माणसाच्या रक्ताचे दोन रिपोर्ट फार वेगळे आले की आमच्याकडे आधी एकच गोष्ट बघतात: युनिट कुठलं आहे? साखर 126 आणि 7 हे दोन्ही एकच असू शकतं, एक मिलिग्रॅममध्ये आणि दुसरं मिलिमोलमध्ये. घराच्या बाबतीत हे मला सुचायला चार दिवस लागले. भाव फुटाला 9,200 हे ठीक, पण फूट कुठला?

पुढचं सगळं त्या फुटाचंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या घराच्या फायलीत, शेअर सर्टिफिकेटच्या मागे, एक पिवळा पडलेला कागद आहे. ताब्याच्या दिवशी अण्णा वर्कशॉपमधून स्टीलची टेप मागून घेऊन आले होते. त्या दिवशी घरात दुसरं काही नव्हतं, एक पाण्याची कळशी, नारळ आणि ही टेप. आई एक टोक धरून उभी, अण्णा दुसरं. कागदावर त्यांचं ते तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर: हॉल 10 × 14. स्वयंपाकघर 8 × 9. खोली 10 × 11. पॅसेज 3 × 9. मोरी 4 × 5. संडास 3 × 4. खाली रेघ मारून 381. त्याखाली बाल्कनी 3 × 10, म्हणजे 30. एकूण 411. आणि त्याच्या शेजारी, दोनदा अधोरेखित: "बिल्डरचे 520." पुढे काही लिहिलेलं नाही. अण्णा भांडणारे नव्हते, पण मोजून ठेवणारे होते.

कार्पेट म्हणजे पाय ठेवता येतो ती जागा. त्यात भिंतींची जाडी मिळवली की बिल्टअप. त्यावर जिना, पॅसेज, गच्ची यांचा वाटा चढवला की सुपर बिल्टअप. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकीच्या कायद्यात 2008 मध्ये दुरुस्ती होऊन कार्पेटवरच विक्री करा म्हणेपर्यंत, आणि रेरा हा केंद्राचा कायदा येऊन ते पक्कं होईपर्यंत, बिल्डर जो आकडा लिहील तो एरिया. आमच्या 520 मध्ये काय काय घातलं होतं ते त्या बिल्डरलाच ठाऊक. पहिल्या एजंटने त्या 520 ला आजचा भाव लावला. आज लोक कार्पेटवर बोलतात. म्हणजे जुना, फुगलेला फूट आणि नवा भाव. त्याचे 48 लाख खऱ्या जागेवर पसरले तर फुटाला जवळजवळ 11,850 पडतात, आणि त्या पैशांत आमच्याकडे लिफ्टवाल्या नव्या बिल्डिंगची चौकशी करता येते. त्यालाही हे माहीत असणार. मोठा आकडा सांगून घर आपल्याकडे अडकवायचं, मग दर महिन्याला "मार्केट थंड आहे मॅडम" म्हणत खाली आणायचं. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांचं असंच झालं. सात महिने गेले आणि शेवटी शेजारच्यापेक्षा दोन लाख कमी घेतले.

त्याच मैत्रिणीने तिसरीचं नाव सुचवलं. तिशीतली मुलगी, स्कूटरवरून आली, हेल्मेट हातात. दारातच म्हणाली, "काकू, घर नंतर बघते. आधी फाइल दाखवता?"

हे आईला आवडलं नाही. पोहे गार होत होते. पण तिने फाइल आणली.

फायलीतून मुलीने जे प्रश्न काढले त्यांतले निम्मे मला सुचले नसते. घर कुणाच्या नावावर? अण्णांच्या, आई नॉमिनी. "नॉमिनी म्हणजे मालक नाही काकू, वारस तिघं आहात." म्हणजे दादा आणि मी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून ते रजिस्टर करायचं, मगच विक्री. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? त्याची झेरॉक्स होती, सुदैवाने. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का? नाही. सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असं मोफाचे नियम सांगतात. आमच्या बिल्डरला पस्तीसेक वर्षं झाली. तो आता हयात नाही, आणि जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे.

इथे दादाचा मुद्दा होता. तो बंगळुरूहून फोनवर सारखा म्हणत होता, थांबूया, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाईल, मग भाव बघ. मुलीने स्पीकरवर त्याला शांतपणे विचारलं, "दादा, डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरविना जमीन नावावर करून घ्यायचा, अर्ज तरी केलाय का सोसायटीने?" नाही. "बिल्डर नेमायची सभा झालीये?" नाही. "मग त्याचे पैसे आज कोणी देणार नाही. फार तर घेणारा मनात खूश होईल." दादा गप्प. हा माणूस गप्प झाल्याचं मी फार वर्षांनी ऐकलं.

मग ती घर बघायला उठली. लेसरचं छोटं यंत्र भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका, आकडा वहीत. संडाससुद्धा मोजला. नळ सोडून बघितला, पाणी किती वाजता येतं विचारलं. गच्चीवर जाऊन आली. सोसायटीने पत्र्याची शेड घातलीये, म्हणजे छत गळत नसणार, हे आम्ही न सांगताच तिने ओळखलं. आणि मग ती पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबली. आई एकदम म्हणाली, "चहा टाकू का?"

मुलीने कालनिर्णय खालच्या कोपऱ्याला धरून दोन बोटं उचललं. मागे थाळीएवढा ओलीचा डाग, कडेला पांढरी मिठासारखी पूड. तिने तितक्याच हळू ते परत सोडलं. कोणी काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "बाहेरच्या भिंतीला चीर आहे. दर पावसाळ्यात येतं. सोसायटीला तीन पत्रं दिली." मुलगी म्हणाली, "लपवू नका काकू. घेणारा जूनमध्ये बघेलच. आत्ता सांगितलं तर दहा-वीस हजारांवर भागतं. टोकननंतर कळलं तर तो लाख मागतो."

मोजमाप झाल्यावर बेरीज आली 405. आईने चष्मा लावून अण्णांचा कागद पुढे केला. "411 आहे. सहा फूट गेले कुठे?"

मला वाटलं, यंत्राचीच बाजू ती घेईल. पण तिने कागद हातात घेऊन एकेक खोली ताडून पाहिली. खोलीचा आकडा तंतोतंत. पॅसेजचा तंतोतंत. मोरीत गेली आणि टाइलवर बोटाने टकटक केलं. "इथे काकू. टाइलवर टाइल बसवलीये ना?" बसवली होती, 2009 मध्ये, जुन्या काढायच्या खर्चाला भिऊन. मोरीत चारी बाजूंनी इंच-इंच गेला होता, संडासातही तसाच. स्वयंपाकघरात ओट्याच्या बाजूला, आणि हॉलला त्याच वर्षी नवं प्लॅस्टर केलं होतं तिथे. सहा फुटांचा हिशोब लागला. "तुमच्या मिस्टरांचं माप एकदम करेक्ट होतं," ती म्हणाली. आईने कागद परत घेतला, घडी घातली, आणि त्या दिवशी त्या मुलीला पोह्यांची दुसरी डिश मिळाली.

तिचा आकडा: 405 ला फुटाला 9,500, साडेअडतीस लाख. "जाहिरातीत 41 टाकू, एकोणचाळीसला सोडू." तिघांत फुटाचा सगळ्यात जास्त भाव हिचाच होता, हे बघा. पहिल्याने भाव कमी सांगून किंमत दहा लाख जास्त दाखवली होती.

तरीही मी तिच्या शब्दावर थांबले नाही. या सगळ्या भानगडीत मला लागलेली कामाची गोष्ट कुठली असेल तर ती ही. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे, फुकट. जिल्हा ठाणे, तालुका कल्याण, गाव गजबंधन-पाथर्ली, कारण महसुली कागदात डोंबिवली शोधून चालत नाही, तिथे अजून जुनी गावंच नांदतात. सर्व्हे नंबर टाकायचा, कॅप्चा चार वेळा चुकवायचा, पाचव्यांदा यादी येते. यादीतल्या प्रत्येक व्यवहाराची सूची क्रमांक 2, म्हणजे इंडेक्स टू, उघडता येते. त्यात मोबदला असतो. त्याखाली बाजारभाव असतो, आणि त्याच्या कंसात "भाडेपट्टयाच्या बाबतीत पट्टाकार आकारणी देतो की पट्टेदार ते नमूद करावे" असं एक वाक्य असतं, ते मी तीनदा वाचलं आणि सोडून दिलं. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणायचं. आमच्याच गल्लीत, आमच्याच वयाच्या बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावरचं घर आदल्या वर्षी विकलं गेलं होतं. 35.3 मीटर, म्हणजे 380 फूट. मोबदला 36 लाख. भागाकार केला: फुटाला 9,474.

हा कागदावरचा आकडा, कागदाबाहेर काय झालं ते इंडेक्स टूला कळत नाही. पण बँकेच्या कर्जावर घर घेणारा माणूस कागदाबाहेर फार देऊ शकत नाही, आणि आमच्या बजेटची गिऱ्हाइकं सगळी कर्जवालीच.

रेडी रेकनरही बघितला. तो सरकारचा दर, मुद्रांक शुल्कासाठी. त्यात इमारतीच्या वयाचा घसारा वजा होतो, आणि गंमत म्हणजे लिफ्ट नसेल तर वर जाल तसा दर उतरतो, लिफ्ट असेल तर उंच मजल्यांना चढतो. म्हणजे आईच्या गुडघ्यांचं म्हणणं सरकारलाही मान्य आहे. आमची किंमत रेकनरच्या वर होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. त्याच्या फार खाली विकलं असतं तर इन्कमटॅक्सवाल्यांनी रेकनरची किंमतच धरली असती.

इन्कमटॅक्सवरून आठवलं. एजंटने सांगितलेली किंमत टॅक्ससाठी शून्य कामाची. सीएने वेगळंच मूल्यांकन मागितलं, 1 एप्रिल 2001 रोजी या घराची किंमत काय होती त्याचं, आणि तेही नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून, सहीशिक्क्यासह. 2001 च्या आधी घेतलेल्या घराला ती किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, एक लाख बारा हजारांपेक्षा ती केव्हाही बरी. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं घर असेल तर महागाई निर्देशांक लावून निघालेल्या नफ्यावर 20 टक्के किंवा न लावता 12.5 टक्के, जे कमी पडेल ते. आम्हाला 12.5 टक्केच स्वस्त पडलं. माझी सूचना एवढीच, सीएकडे टोकन घेण्याआधी जा. आम्ही नंतर गेलो आणि त्याने आमची बरीच शोभा केली.

41 ची जाहिरात टाकल्यावर अकरा पार्ट्या आल्या. सात जण दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन फोन करत, "अजून वर आहे का?" दोघांना किचन पूर्वेला हवं होतं. डाग आई सगळ्यांना स्वतःच दाखवायची; कालनिर्णय परत स्वयंपाकघरात गेलं होतं. एका बाईंना तर तिने पावसाळ्यात किती पसरतो ते हाताने आखून दाखवलं, मला वाटलं गेलं हे गिऱ्हाईक. त्यांनीच घेतलं, एकोणचाळीसला. नवरा ठाण्याला नोकरीला, शाळेत जाणारी दोन मुलं, आत्तापर्यंत भाड्याने वरच्याच मजल्यांवर राहिलेली. जिन्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मध्ये एक धक्का बसला. त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर आला, दहा मिनिटांत फोटो काढून गेला आणि त्याने साडेछत्तीस लावले. बिल्डिंग चाळिशीला आलेली, बँक हात आखडता घेते. कर्ज कमी बसलं, त्यांनी गावचं काही मोडून फरक भरला, आम्ही त्यांना दीड महिना जास्त दिला. सोसायटीने हस्तांतरणाचे 25,000 घेतले, 2001 च्या परिपत्रकाने तीच कमाल मर्यादा आहे, आणि वर "स्वेच्छेने" देणगी मागितली. आईने स्वेच्छेने नकार दिला. मुलीने आमच्याकडून एक टक्का घेतला, 39,000.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी कल्याणला दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात साडेतीन तास बसलो. सर्व्हर डाऊन. आईने फाइल त्या बाईंच्या हातात दिली, मूळ ॲग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, पावत्या, सगळी. फक्त तो पिवळा कागद तिने आधीच काढून पर्समध्ये ठेवला होता. बाईंनी पाहिला. जरा संकोचूनच म्हणाल्या, "काकू, त्याची झेरॉक्स मिळेल का? बेड करायला टाकायचाय, सुताराला मापं द्यायची आहेत."

खाली झेरॉक्सवाला होताच. आईने झेरॉक्स घेतली, माझ्याकडून पेन मागितलं, आणि मोरी, संडास, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यापुढे एकेक करून लिहिलं, "वजा एक इंच".